जांभळी शाई

वेकफिल्डच्या शाळेतला जिम.
आज बास्केटबॉल नाही, जाळ्या वर उचलून बांधल्यात,
खाली एकशे बेचाळीस बाकं,
प्रत्येकाभोवती एका माणसाला पुरेल एवढा एकटेपणा.

मी पर्यवेक्षक. रबरी तळव्यांचे बूट,
गळ्यात ओळखपत्र, आणि काम इतकंच:
चालायचं, थांबायचं, बोलायचं नाही.
पाण्याच्या बाटल्यांची लेबलं सोललेली,
कंपासपेट्या आरपार दिसणाऱ्या.
पोरांचे चेहरे तसे नाहीत.

ही खरी परीक्षा नव्हे, हे सगळ्यांना ठाऊक.
खरी मे महिन्यात. ही डिसेंबरातली, सरावाची.
तरी तो उंच ओवेन सातव्या प्रश्नावर
वीस मिनिटं अडकून छताकडे बघतोय,
जिथे दिव्याच्या जाळीत
कुठल्याशा वर्षीचं एक शटलकॉक अडकलंय.
मी त्याच्या शेजारून जाते,
'पुढचं घे रे बाबा' हे शब्द
दाढेखाली लवंगेसारखे धरून.

शाल्मली दुसऱ्या शाळेत. तिथे तिला शॅल म्हणतात.
तिचे पेपर आजच परत आले.
गणित: ऐंशीपैकी एक्कावन्न.
दप्तर जिन्यात, ती बुटांसकट पलंगावर.
मी काही विचारत नाही.
अ‍ॅगब्रिगच्या दुकानातली महागडी भेंडी
पुसून पुसून कोरडी करत राहते.

तासाभराने ती खाली येते, हातात जांभळं पेन.
बाई हिरव्या शाईने तपासतात,
आपल्या चुका आपण जांभळ्याने सुधारायच्या.
लाल इथे कुणी वापरत नाही.
आमच्या आपटेबाईंची लाल होती,
आकड्याभोवती गोल, आणि तो गोल
वर्गापुढे मोठ्याने वाचलेला.

'हे बघ,' ती म्हणते, 'उत्तर बरोबर,
पण रीत दाखवली नाही. तीनपैकी एक.
आणि इथे उत्तर साफ चूक,
तरी चारपैकी तीन.'
मी भेंडी कढईत टाकते. म्हणते,
आमच्याकडेही पायऱ्यांना गुण असायचे.
खरं तर मला आठवत नाही.

मग ती हिशेब मांडते, वाण्यासारखा:
गेले एकोणतीस.
त्यात अकरा घाईचे,
सहा, प्रश्न अर्धाच वाचल्याचे,
उरले बारा. ते खरंच येत नाहीत,
वर्तुळं आणि त्या स्पर्शिका.
'म्हणजे आई, मला एकोणतीस येत नाहीत असं नाही.
बाराच येत नाहीत.'
बारा म्हणताना ती
कुणाच्या तरी हातात सापडलेल्या किल्लीकडे बघावं
तशी कागदाकडे बघते.

'आता तू.'

माझी गाडीची लेखी परीक्षा मंगळवारी. तिसऱ्यांदा.
फोनवर सराव: पन्नास प्रश्न,
त्रेचाळीस लागतात.
मी टेबलाशी बसते. गॅस मंद केला,
असं मला वाटतं.
ती माझ्या खुर्चीमागून फिरते,
मोज्यांतले पाय, हात पाठीशी,
एक शब्द नाही.
धुक्यातल्या दिव्यांपाशी मी अडकते
आणि मला जाणवतं, ती थांबली आहे,
आणि काहीतरी दाढेखाली धरून उभी आहे.

एक्केचाळीस.
'गेल्या वेळीही एक्केचाळीसच,' मी म्हणते,
आणि हे वाक्य माझ्या तोंडून
आपटेबाईंच्या आवाजात येतं.

शाल्मली काही म्हणत नाही. पेन पुढे करते.
'घाईच्या वेगळ्या लिही.'
मी लिहिते, माझ्या गिचमिड अक्षरात,
इतक्या वर्षांनी माझंच माझ्यासाठी:
ओल्या रस्त्यावर थांबायला दुप्पट अंतर.
बर्फावर दहापट.
ते आधीही वाचलं होतं. पण तेव्हा
मी फक्त उत्तर पाठ केलं होतं.

तोवर भेंडी तळाला लागली.
ही चूक घाईच्या रकान्यात
की अर्धवट वाचलेल्या प्रश्नाच्या,
यावर जेवताना बराच वेळ वाद झाला.